फोमची गादी घरच्या घरी कशी साफ करायची: डाग, वास, जंतू, ढेकूण सगळं

कापसाच्या गादीचं बरं होतं, वर्ष-दोन वर्षांनी पिंजारी दारावर आला की गादी उसवायची, कापूस पिंजून घ्यायचा, खोळ धुवायची आणि दोन दिवस गच्चीवर कडकडीत उन्हात टाकली की झालं काम. फोमच्या गादीला यातलं काहीच चालत नाही. पण हाताला सवय तीच, म्हणून आपण फोमलाही उन्हात भाजतो, काठीने झोडपतो, पोराने रात्री शू केली की मगभर साबणाचं पाणी ओतून ब्रशने खसाखसा घासतो, आणि मग आठवड्याने कुबट वास सुटला की कंपनीला शिव्या घालतो.

फोममध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे वरून पडलेलं पाणी बघता बघता खाली उतरतं पण परत बाहेर यायला दोन-दोन तीन-तीन दिवस घेतं, आणि तेवढ्या वेळात आत बुरशीची सोय होऊन जाते. म्हणून या सगळ्या खटाटोपात खरी अक्कल पाणी सांभाळण्यात आहे. कमीत कमी ओलं करायचं आणि भरपूर वेळ वाळवायचं. डागाचे उपाय, सोडा, स्प्रे हे सगळं त्याच्या नंतर येतं.

आधी गादी कुठली आहे ते बघा

हाताचा पंजा दाबून धरा आणि काढा. ठसा हळूहळू भरत आला तर वरचा थर मेमरी फोमचा, तो सगळ्यात हळू वाळतो, त्याला पाणी म्हणजे अगदी ओल्या फडक्यापुरतंच. लगेच टुणकन वर आलं आणि कडेने टाचणीच्या डोक्याएवढी ते पेन्सिलएवढी भोकं दिसली तर लॅटेक्स. साधा पीयू (म्हणजे पॉलीयुरेथेन) फोम किंवा एचआर (म्हणजे जास्त उसळी असलेला) फोम या दोघांच्या मधला. गादी दगडासारखी कडक आणि जड असेल तर आत रिबॉंडेड फोम असण्याची शक्यता जास्त, म्हणजे फोमचे रंगीबेरंगी तुकडे चिकटवून दाबलेला ठोकळा. आणि आपल्याकडे खूप घरांत काथ्याची गादी असते जिच्या वर इंचभर फोम असतो, तिला लोक फोमचीच म्हणतात, पण काथ्यात पाणी मुरलं की बुरशी फोमपेक्षाही लवकर धरते, तेव्हा तिच्या बाबतीत दुप्पट जपून.

बाजूला शिवलेलं लेबल असतं ते वाचा, कोणी वाचत नाही पण त्यावर कव्हर धुवायचं की नाही ते लिहिलेलं असतं. चेन आहे म्हणजे कव्हर धुवायलाच दिलंय असं नसतं, कित्येकदा ती चेन फक्त कारखान्यात फोम आत घालण्यापुरती असते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर हे जास्तच बघावं, तिथल्या आगीच्या नियमांमुळे काही स्वस्त गाद्यांच्या आतल्या आवरणात फायबरग्लास घातलेलं असतं आणि बाहेरचं कव्हर काढून मशीनला लावलं की काचेचे बारीक कण घरभर होतात, ते निस्तरणं महाकठीण.

दिवस निवडणं

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये गादी ओली करायचा विचारसुद्धा करू नका. हवेतच एवढा दमटपणा असतो की पंखा लावूनही आतलं पाणी जात नाही. पावसाळ्यात फक्त कोरडी सफाई करायची, म्हणजे व्हॅक्यूम आणि हवा. मोठी सफाई ऑक्टोबर हीटमध्ये, तशीही दिवाळीची साफसफाई निघालेली असतेच, आणि दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की घरात सावलीतसुद्धा गादी पटकन वाळते, तिकडच्या लोकांना हा प्रश्न जवळजवळ नाहीच.

कामाला सकाळी आठ-नऊलाच लागा. दुपारी चारला सुरू केलं तर रात्री झोपायच्या वेळी गादी ओली असणार आणि मग कोणीतरी म्हणणार, जाऊदे टाक चादर. तीच ओली गादी पुढे वास मारते.

सामान फार नाही. व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याचं सोफ्याचं तोंड, तीन-चार जुने टॉवेल, दोन स्प्रे बाटल्या, पाव ते अर्धा किलो खायचा सोडा, पांढरं व्हिनेगर, भांडी घासायचं लिक्विड, मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक टेबल फॅन. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असणाऱ्याने मास्क लावायचाच, खरं तर त्याने हे काम दुसऱ्यावर ढकलावं.

चादरी आणि कोरडी धूळ

चादर, अभ्रे, पांघरुणं, प्रोटेक्टर (गादीवर घालायचं वॉटरप्रूफ कव्हर) सगळं काढून धुवायला टाका. धुळीतले माइट्स, जे डोळ्यांना दिसत नाहीत आणि आपल्या अंगाच्या गळलेल्या त्वचेवर जगतात, ते थंड पाण्याने मरत नाहीत, त्यांना ६० अंशांचं पाणी लागतं. फ्रंट लोड मशीनमध्ये हीटर असतो, तिथे प्रोटेक्टर सोडून बाकीचं ६० वर लावा. बाकीच्यांनी कपड्याला सोसत असेल तर बादलीत कढत पाणी घेऊन अर्धा तास भिजवून मग नेहमीसारखं धुतलं तरी बराच फरक पडतो. माइट्स चावत नाहीत, त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा, सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका येणाऱ्यांनी संशय घ्यायचा तो इथे.

मग व्हॅक्यूम. हे काम दोन मिनिटांत उरकायचं नाही. आधी वरचा भाग उभा, मग आडवा, तोंड दाबून आणि हळू ओढत. मग चिंचोळं तोंड लावून कडेची पायपिंग, जिथे दोन कापडं शिवलेली असतात ती खोबण, बटणं असतील तर त्यांचे खड्डे. निम्मी घाण तिथेच बसलेली असते. मग गादी उभी करून खालची बाजू, आणि गादी उचललीच आहे तर पलंगाची फळी पण.

व्हॅक्यूम नसेल तर किंचित ओलसर, घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने एकाच दिशेने पुसत जायचं आणि फडकं दर वेळी धुवायचं, कोरड्या झाडूने धूळ फक्त हवेत उडते आणि परत तिथेच बसते. काठीने झोडपू नका, फोम आतून चिरतो आणि चिकटवलेले थर सुटतात.

हे सगळं डाग काढायच्या आधी करायचं, कारण धुळीवर पाणी पडलं की तिचा चिखल होऊन कापडात मुरतो.

डाग, एकेक करून

पाणी कुठलंही असो, थेट गादीवर ओतायचं नाही. फडक्यावर घ्यायचं किंवा बारीक फवारा मारायचा. आणि घासायचं नाही, टिपायचं. बाहेरच्या कडेकडून मध्याकडे या, नाहीतर डाग पसरत जातो.

लघवीचा डाग सगळ्यांच्या घरचा, म्हणून जरा नीट सांगते. ओली असतानाच सापडली तर काहीही लावायच्या आधी जुना टॉवेल चार पदरी करून त्या जागेवर ठेवा आणि त्याच्यावर गुडघ्याने सगळं वजन टाकून मोजून अर्धा मिनिट थांबा. टॉवेल उचलला की पिवळट ओला गोल दिसेल. टॉवेलची कोरडी घडी वर घ्या, परत दाबा. असं टॉवेल जवळपास कोरडा निघेपर्यंत करत राहायचं, दोन टॉवेल लागले तरी चालतील, कारण इथे बाहेर काढलेला प्रत्येक थेंब पुढचा वास वाचवतो. मग व्हिनेगर आणि थंड पाणी निम्मं निम्मं करून हलका फवारा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, परत टॉवेलने दाबून टिपायचं. व्हिनेगरचा वास वाळल्यावर जातो, घाबरू नका. मग त्यावर खायचा सोडा जाडसर पसरा आणि रात्रभर राहू द्या. गरम पाणी मात्र लघवीलाही नको आणि रक्तालाही नको, डाग उष्णतेने कापडात पक्का बसतो.

जुना, वाळलेला, पिवळा नकाशा असेल तर पेरॉक्साइड. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारं पेरॉक्साइड बऱ्याचदा साधारण ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्क्यांचं झालं. हे एक कप, त्यात तीन मोठे चमचे खायचा सोडा, दोन-तीन थेंब भांड्याचं लिक्विड, हलवून लगेच डागावर फवारा आणि पूर्ण वाळू द्या. वर पांढरी पूड राहील ती व्हॅक्यूमने ओढून घ्या, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी परत. हे मिश्रण उरलं तर बाटलीत झाकण लावून ठेवायचं नाही हं, आत वायू तयार होत राहतो आणि बाटली फुटते, उरलेलं बेसिनमध्ये ओतून द्या. रंगीत कव्हरवर पेरॉक्साइड रंग उडवतं, कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा आधी.

घरात कुत्रा-मांजर असेल आणि त्यांनी कारभार केला असेल तर एन्झाइमवाले क्लीनर मिळतात ते खरंच काम करतात, पण त्यांना सावकाश काम करू द्यावं लागतं आणि त्या जागी आधी डेटॉल किंवा अल्कोहोल मारलेलं नसावं, नाहीतर एन्झाइम तिथेच निकामी होतात.

रक्ताला थंड पाण्यात मीठ घालून फडक्याने टिपा, मग ३ टक्के पेरॉक्साइडचे थेंब. रक्तातल्या एन्झाइममुळे लगेच पांढरा फेस येतो, तो फडक्याने टिपून घ्यायचा आणि परत थेंब टाकायचे, फेस येणं कमी झालं की बास. पाळीचे डाग जुने असले तरी यानेच फिके होतात, पूर्ण जातीलच असं नाही, आणि नाही गेले तर नाही गेले, डाग राहणं म्हणजे घाण राहणं नव्हे.

तेलाचा डाग, म्हणजे बाळाच्या मालिशचं तेल किंवा डोक्याचं खोबरेल, याला पाणी सुरुवातीला लावूच नका. कॉर्नफ्लॉवर टाकून तीन-चार तास ठेवा, ते तेल ओढतं, झटकून परत टाका. मग भांड्याच्या लिक्विडचा नुसता फेस फडक्यावर घेऊन टिपा आणि साध्या ओल्या फडक्याने फेस काढा. फेस म्हणजे वरचा फेसच, खालचं पाणी नाही.

हळदीचा डाग साबण लावल्यावर लालभडक होतो आणि बघणारा हबकतो. यात बिघडलेलं काही नाही, हळदीत चुना घातला की कुंकू होतं तोच हा प्रकार, साबण आणि सोडा अल्कधर्मी असतात म्हणून. थोडं व्हिनेगर लावलं की परत पिवळा होतो. हळदीचा रंग प्रकाशाने उडतो, तेव्हा खिडकीजवळ चार-पाच दिवस राहू दिला तर आपोआप फिका पडतो.

चहा-कॉफीला भांड्याचं लिक्विड एक चमचा, व्हिनेगर एक चमचा, दोन कप पाणी, त्याचं ओलं फडकं. उलटी झाली असेल तर पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्याने आधी खरवडून काढा आणि पुढे लघवीसारखंच.

सोडा, आणि त्याच्याबद्दलचे गैरसमज

खायचा सोडा वास कमी करतो, थोडा ओलावा ओढतो. जंतू मारत नाही. इंटरनेटवर सोड्याला जेवढं डोक्यावर घेतलंय तेवढा तो नाही, पण वासाला खरंच चांगला. पिठाच्या चाळणीने गादीभर सारखा भुरभुरवायचा, डबल बेडला पाव ते अर्धा किलो लागतो, चार तास किंवा रात्रभर ठेवून व्हॅक्यूम. धुण्याचा सोडा वेगळा, तो तिखट असतो, तो नको. इनो पण नको, त्यात सायट्रिक आम्ल असतं, ओलावा लागला की तिथेच फसफसून संपतं.

पूड एवढी बारीक असते की व्हॅक्यूमचा फिल्टर गच्च होतो, नंतर तो झटकून किंवा धुवून घ्या. आणि घरात व्हॅक्यूम नसेल तर पूर्ण गादीवर सोडा टाकायच्या भानगडीत पडूच नका, फडक्याने तो निघत नाही, उलट ओल्या फडक्याने आत जातो आणि मग झोपल्यावर अंगाला चरचरतं.

निर्जंतुक करणं म्हणजे नक्की किती

सहा-आठ इंच जाडीचा फोम आतपर्यंत निर्जंतुक करता येईल असं घरगुती काहीही नाही. जो स्प्रे मारता तो वरच्या कापडापुरता. हॉस्पिटलातसुद्धा फोम निर्जंतुक करत बसत नाहीत, तिथे गादीवर रेक्झिनचं पाणी न शिरणारं कव्हर असतं, ते दर पेशंटनंतर पुसतात, आणि ते फाटून आत ओल गेली की गादी बदलायची असते. घरी आपण पण हेच डोकं वापरायचं. वरचा पृष्ठभाग जंतूमुक्त करायचा, पूर्ण वाळवायचा आणि त्यावर धुता येणारा थर घालायचा. साध्या वापरातल्या गादीला तर दर महिन्याला जंतुनाशकाची गरजच नसते. आजारपण, उलटी-जुलाब, लघवी-रक्त, किंवा कोणाची वापरलेली गादी घेतली, अशा वेळी करा.

आणि हे कायम स्वच्छ केल्यानंतर. मळावर मारलेलं जंतुनाशक मळातच खर्ची पडतं.

माझी पहिली पसंती ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं जास्त भारी असेल असं वाटतं पण उलटं आहे, जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं आणि शुद्ध अल्कोहोल काम करायच्या आधीच उडून जातं. बाटली हातभर लांब धरून बारीक फवारा, कापड ओलसर दिसेल इतपत, मिनिटभर तरी ओलसर राहिलं पाहिजे, मग आपोआप उडू द्यायचं. फोमपर्यंत भिजवायचं नाही, फोम फुगतो आणि थर चिकटवलेला डिंक सुटू शकतो. खिडक्या उघड्या, आणि त्या खोलीत समई, उदबत्ती, मच्छर कॉइल, सिगरेट काहीही पेटतं नको, अल्कोहोलची वाफ भस्सकन पेट घेते. कोविडच्या वेळचे सॅनिटायझरचे कॅन अजून बऱ्याच घरांत पडलेत, त्यातलं जेलवालं वापरू नका, चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते.

अल्कोहोल नको असेल तर ३ टक्के पेरॉक्साइड पांढऱ्या कापडावर, पण त्याला दहा मिनिटं ओलं राहावं लागतं म्हणजे वाळवणं वाढलं. डेटॉलसारखी क्लोरोझायलेनॉलवाली औषधं बाटलीवरच्या प्रमाणात पाण्यात घालून फडक्याने पुसता येतात, वास मात्र बरेच दिवस डोक्यात बसतो, आणि घरात मांजर असेल तर नकोच, मांजरांना ते विषारी असतं.

ब्लीच फोमवर कधीही नाही. फोम पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि लघवीच्या जागी मारलं तर त्यातून छाती धरणारा वायू निघतो. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडसुद्धा एका बाटलीत मिसळू नका, एक वाळल्यावर दुसरं लावलं तर चालेल. ब्लीच चालतं ते फक्त रेक्झिनच्या कव्हरवर, ५ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाणी ४९ भाग, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून काढायचं. फिनेल कुठेच नको.

स्टीमर असेल तर मोह होतो. वाफेने वरचे माइट्स आणि ढेकूण मरतात हे खरं, पण वाफ म्हणजे पाणीच, ती फोममध्ये जाऊन थंड होते. पीयू फोमवर शिवणींपुरती, कोरड्या दिवशी, हळू फिरवत चालेल, मेमरी फोमवर नको. आणि ते जांभळा दिवा लावून गादीवरून फिरवायचं यंत्र, अतिनील किरण फक्त जिथे थेट पडतात तिथेच आणि बराच वेळ पडले तरच काम करतात, कापडाच्या विणीत आणि फोमच्या आत ते पोचत नाहीत. पैसे असतील तर प्रोटेक्टर घ्या.

वाळवणं

भिजलेली फोमची गादी एका कोपऱ्याला धरून उचलू नका, ओला पाव उचलल्यासारखी ती तिच्याच वजनाने फाटते. दोघांनी खालून हात घालून उचला, भिंतीपासून हातभर लांब आडव्या कडेवर उभी करा, मागे दोन खुर्च्यांचा टेका, आणि टेबल फॅन ओल्या बाजूवर. दोन-तीन तासांनी बाजू बदला. सीलिंग फॅनखाली पलंगावर आडवी ठेवली तर वरचं कापड तासाभरात वाळतं आणि खालचा भाग तसाच राहतो, तिथे लोक फसतात. एसी असेल तर ड्राय मोडवर लावा, दमट गावात याचा फार उपयोग होतो. हेअर ड्रायर फक्त थंड हवेवर. फोमवर इस्त्री फिरवणारे पण असतात, नका करू, वितळतो.

उन्हाचं म्हणाल तर सकाळचं कोवळं ऊन, कव्हरसकट, तास-दोन तास, एवढं ठीक. दिवसभर कडक उन्हात उघडा फोम ठेवला तर अतिनील किरणांनी पॉलीयुरेथेनचं वरचं पापुद्र्यासारखं होतं, पिवळं पडतं आणि बोट फिरवलं की भुगा हाताला येतो. लॅटेक्सचं तर त्याहून लवकर. बाकी फोम नुसत्या हवेनेही वर्ष-दोन वर्षांत पिवळसर होतोच, त्याला मळ समजून घासत बसू नका.

वाळली का हे हाताने कळत नाही. ओल्या जागेवर वर्तमानपत्राचा कागद ठेवा, त्यावर पोळपाट, पोळपाटावर पाच किलोचा तांदळाचा डबा, दहा मिनिटांनी कागद काढा. कागद लुसलुशीत लागला, सुरकुतला तर आत ओल आहे, अजून एक दिवस. झोपायची सोय नसेल तर त्या रात्री खाली सतरंजीवर झोपा पण ओल्या गादीवर चादर घालू नका.

ढेकूण, खरूज, बुरशी, पूर

ढेकूण फोमच्या आत शक्यतो राहत नाहीत, ते शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यांत असतात. जुनं व्हिजिटिंग कार्ड घेऊन पायपिंगच्या खोबणीतून दाबत न्या, मिरीच्या चुऱ्यासारखे काळे ठिपके, पिवळट सालं किंवा तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी निघाली तर ढेकूण नक्की. उन्हात गादी टाकली की ते सावलीच्या बाजूला सरकतात, फोम आत तेवढा तापतच नाही. रॉकेल ओतायची जुनी पद्धत आहे, त्यात आगीचा धोका आणि वास जन्मभर, ढेकूण तरीही उरतात. व्हॅक्यूम करून पिशवी लगेच घराबाहेर टाका, शिवणी आणि पलंगाचे सांधे स्टीमरने, चादरी ६० वर, आणि गादीला पूर्ण चेनचं एन्केसमेंट कव्हर घालून वर्षभर काढायचं नाही, आत अडकलेले उपाशी मरतात पण त्यांना महिनोन्महिने लागतात. जास्त झाले असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्याला गाठा, सगळी खोली एकाच वेळी करायला लागते. कापूर आणि कडुलिंबाचा पाला वासाला बरा, ढेकणांना त्याचं काही वाटत नाही. डांबरगोळ्या मात्र गादीखाली ठेवूच नका, विशेषतः तान्हं बाळ असेल तर, जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

घरात कोणाला खरूज झाली तर लोक गादीच फेकायला निघतात. त्याचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. औषधोपचार सुरू झाला त्या दिवशी गादी व्हॅक्यूम करा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चार दिवस बाजूला ठेवा, बास, स्प्रेची गरज नाही. उवांचंही तसंच, त्या तर दोन दिवसही मुश्किलीने काढतात.

बुरशी बहुतेकदा खालच्या बाजूला सापडते, जमिनीवर टाकलेली गादी किंवा स्टोरेजच्या बेडमध्ये सलग प्लायवर ठेवलेली, बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेली. काळे-हिरवे ठिपके फक्त कापडावर असतील तर मास्क लावून गादी बाल्कनीत न्या, आधी पूर्ण वाळवा, मग व्हॅक्यूम, मग अल्कोहोलच्या फडक्याने टिपा. चेन उघडून फोमवर पण ठिपके दिसले किंवा वाळल्यावरही मातकट वास गेला नाही तर ती गादी वाचत नाही. प्लायला ठिकठिकाणी इंचभर भोकं पाडून घ्या, सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी उभी करून पंखा लावा.

पुराच्या पाण्यात बुडालेली फोमची गादी ठेवू नये. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ ला चिपळूणमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना माहीत आहे त्या पाण्यात काय काय असतं, गटारं, मेलेली जनावरं, तेल. ते आतल्या प्रत्येक पोकळीत जाऊन बसतं. हळहळ वाटते, पंधरा हजारांची गादी असते, पण काढूनच टाका.

नंतर काय

गादी कोरडी झाली की त्याच दिवशी वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घाला. वरून टेरी कापड आणि खालून पातळ पीयूचा थर असलेला घ्या, जुन्या जाड प्लॅस्टिकवाल्यावर घाम येतो आणि तो रात्रभर करकरतो. प्रोटेक्टर महिन्यातून एकदा धुवायचा, फार गरम पाणी आणि इस्त्री नको, खालचा थर फुटतो. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल तर दोन घ्या आणि त्यावर परत ड्राय शीट किंवा मेणकापड, रात्री दोनला गादी टिपत बसण्यापेक्षा शीट ओढून काढणं सोपं.

सकाळी उठल्या उठल्या पलंगपोस घालून गादी झाकू नका, अर्धा तास उघडी राहू दे, रात्रीचा घाम उडतो. तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करा. उलटीपालटी करायची का ते लेबल सांगेल, मेमरी फोमचा थर एकाच बाजूला असतो त्या गाद्या उलट्या करायच्या नसतात.

सर्व्हिसवाल्यांना बोलवणार असाल तर फोनवरच विचारून घ्या, पाणी किती वापरता, ओढून काढायचं मशीन आहे का, आणि वाळायला किती वेळ लागेल. दोन तासांत झोपा म्हणाला तर तो एकतर फक्त वरचं कापड पुसणार आहे किंवा खोटं बोलतोय. शाम्पूचा फेस करून ब्रश मारणारे आणि नुसत्या फडक्याने पुसून जाणारे नकोत.

आणि टाकायचीच झाली तर भंगारवाला बहुतेक वेळा फोम घेत नाही. जवळ गादीवाल्याचं दुकान असेल तर त्याला विचारा, रिबॉंडेड फोम बनवणाऱ्यांकडे स्वच्छ, कोरडा फोम जातो. घंटागाडीत ती मावत नाही, वॉर्ड ऑफिसला किंवा सोसायटीच्या कचरावाल्याला मोठ्या सामानासाठी सांगावं लागतं. गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर नेऊन पेटवू नका, पॉलीयुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतं, आणि तो काळा धूर वाऱ्याबरोबर थेट शेजारच्या घरात जातो.